सगळंच अर्जंट असतं तेव्हा

पत्र थोडक्यात असं: कोल्हापुरात राजारामपुरीत सात जणांची एक सॉफ्टवेअर कंपनी आहे. गावोगावच्या दूध संस्थांसाठी ती संकलनाचं आणि बिलाचं सॉफ्टवेअर बनवते. पत्र लिहिणारी २६ वर्षांची डेव्हलपर तिथे तीन वर्षं काम करते. दिवाळीनंतर ग्राहकांच्या तक्रारींची, म्हणजे बगची, सगळी यादी तिच्याकडे आली. त्यात ४०० हून जास्त नोंदी उघड्या आहेत. ती लिहिते, “प्रत्येक जण म्हणतो आमचं अर्जंट. ज्या संस्थेचे चेअरमन आमच्या सरांना थेट फोन करतात, त्यांचं आधी होतं. परवा एका मोठ्या संस्थेच्या स्लिपवरचा लोगो डावीकडे सरकवण्यात माझे दोन दिवस गेले. गगनबावड्याकडच्या एका छोट्या संस्थेचे सचिव मात्र पाच महिने लिहितायत की ‘मापात कधीकधी १० मिलीचा फरक येतो’. आम्ही ऑफिसमध्ये करून बघितलं, फरक आला नाही, म्हणून ते तसंच पडून आहे. आता सर म्हणतात, सहा महिन्यांपेक्षा जुन्या सगळ्या क्लोज करून टाक, आकडा खाली आला पाहिजे. मला हा खोटेपणा वाटतो. रात्री दहापर्यंत बसूनही यादी वाढतेच. माझी कुवत कमी पडते का? पुण्याला दुसरी नोकरी बघू का?”

तुमच्या पत्रात बरेच प्रश्न आहेत, पण मला सगळ्यात आधी त्या १० मिलीबद्दल बोलायचं आहे. बाकीचं चार दिवस थांबलं तर चालेल.

मी तुमचा कोड बघितलेला नाही. तरी अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा एक गोष्ट तपासायला सांगेन. काट्यावरून आलेलं माप तुमचा प्रोग्राम दशांश अपूर्णांक म्हणून घेतो आणि पुढे त्याला १०० ने गुणून पूर्णांक करतो का? बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत अपूर्णांक साठवायच्या नेहमीच्या ‘डबल’ प्रकारात ४.३५ ही संख्या नेमकी साठवताच येत नाही, कारण आतला सगळा हिशोब द्विमान पद्धतीनं, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, चालतो. त्यामुळे ४.३५ ला १०० ने गुणलं की ४३५ येत नाही, ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं. त्याचा जवळचा पूर्णांक घेतला तर ठीक, ४३५ मिळतात. पण कुणी नुसताच अपूर्णांक तोडला असेल तर हातात उरतात ४३४. सभासदानं घातलं ४.३५ लिटर, स्लिपवर आलं ४.३४. आणि हेच ४.२५ ला किंवा ४.५० ला होत नाही, कारण त्या संख्या द्विमान पद्धतीत नेमक्या बसतात.

तुम्ही ऑफिसमध्ये तपासताना कोणते आकडे टाकले होते ते आठवून बघा. माझा अंदाज आहे की ५ लिटर, १० लिटर, फार तर साडेचार. माणूस टेस्टिंग करताना गोल आकडे टाकतो. म्हैस गोल आकड्यात दूध देत नाही. सचिवांनी ‘कधीकधी’ लिहिलं ते मोघम नव्हतं, ते अगदी जसं घडतं तसं होतं. त्यांना आज एवढंच विचारा की ज्या स्लिपांवर फरक दिसला त्यांचे फोटो आहेत का, काट्यावर आकडा किती होता आणि स्लिपवर किती आला. तीन-चार जोड्या मिळाल्या की तुम्हाला ऑफिसमध्ये बसून ती चूक हवी तेव्हा घडवता येईल. कारण दुसरंच निघालं तरी शोधायची रीत हीच.

आता हे पैशात बघू. दर ५० रुपये धरला तर १० मिलीचे होतात ५० पैसे. एका वेळेला ५० पैसे कुणाच्या लक्षात येणार? एका म्हशीवर घर चालवणाऱ्या बाईंना ते कळणारही नाही, आणि कळत नाही म्हणूनच त्या कधी फोन करणार नाहीत. पण प्रोग्राम सगळ्या संस्थांना एकच दिलाय. म्हणजे ही चूक असेल तर ती एका संस्थेत नाही, तुमच्या सगळ्या संस्थांमध्ये सकाळ-संध्याकाळ चालू आहे आणि कळवलं फक्त एका सचिवांनी. तुमच्या यादीत ही एक ओळ आहे. लोगोचीही एकच ओळ आहे. यादी नुसती मोजली तर दोन्ही सारख्याच दिसतात.

तुमच्या पत्रातलं पहिलं गृहीतक मला इथे दिसतं: जो ओरडतो त्याचं दुखणं मोठं. तुम्हाला ते पटत नाही, पण ऑफिसचं काम त्याच्यावरच चाललंय. फोन कोण करतो हे त्याच्याकडे सरांचा नंबर आहे का यावर ठरतं. नुकसान किती होतंय हे त्यावरून कळत नाही. जगभर वापरली जाणारी डेबियन ही लिनक्स प्रणाली स्वयंसेवक चालवतात. त्यांच्याकडे बगच्या गंभीरपणाच्या सात पायऱ्या आहेत, ‘क्रिटिकल’पासून ‘विशलिस्ट’पर्यंत, आणि वरच्या तीन पायऱ्यांवरचा बग नव्या आवृत्तीच्या आड येतो. वरच्या पायरीवर काय बसतं हे त्यांनी लिहून ठेवलंय: डेटा जाणं, सुरक्षेला भोक पडणं, सगळी यंत्रणाच बंद पडणं. तक्रार कुणी केली, किती वेळा केली, याला त्यात जागा नाही. तुम्हाला सात पायऱ्या नकोत, चार पुरेत. सगळ्यात वर पैसे किंवा माप चुकणं आणि डेटा जाणं. त्याखाली संस्थेचं काम ठप्प होणं. त्याखाली काम होतं पण वळसा घालून. शेवटी दिसण्याचं आणि ‘असं असतं तर बरं’ या जातीचं.

पैसे चुकणं मी ‘काम ठप्प’च्याही वर ठेवलंय. “मॅडम, बिल निघंना झालंय, माणसं दारात येऊन बसल्यात” असा फोन आला की त्यापेक्षा मोठं काही नाही असं वाटतं, आणि तो फोन घ्यायलाच हवा. पण बिल निघालं नाही हे सगळ्यांना दिसतं, ते आज ना उद्या निघतं. चुकीचं बिल निघतं तेव्हा कुणालाच काही दिसत नाही. ते वाटलं जातं, खात्यावर जमा होतं, त्यावरून उचल कापली जाते, पुढच्या बिलात मागची बाकी म्हणून ओढलं जातं. जितके दिवस जातील तितकं निस्तरणं अवघड.

मात्र गंभीरपणा एक आणि घाई दुसरी. या दोघांना एकाच रकान्यात कोंबलं की सगळंच अर्जंट दिसायला लागतं, तुमच्याकडे तेच झालंय. दिवाळीच्या दूध फरकाचा, म्हणजे वर्षभराच्या दुधावर सभासदांना मिळणाऱ्या जादा रकमेचा, हिशोब चुकतो, हा बग गंभीर आहे. पण तो चैत्रात कळला तर त्याला घाई नाही. भाद्रपद उजाडला की तो यादीत सगळ्यात वर यायला हवा. उलट चेअरमनचं नाव अहवालात चुकीचं छापलं जातंय, यात कुणाचं नुकसान नाही. पण संस्थेची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते, अहवाल उद्या छपाईला जायचा असेल तर ते आजच करायला हवं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तेव्हा दोन रकाने करा. गंभीरपणा तुम्ही ठरवा, तो सहसा बदलत नाही. घाई दर वेळी नव्यानं ठरवा, आणि ती तुम्ही एकटीनं ठरवू नका.

इथे मी सरांच्या सूचनेकडे येते. जुनं क्लोज करायला सांगणं हा खोटेपणाच आहे असं मला वाटत नाही. यादी साफ व्हायला हवी हे त्यांचं बरोबर आहे. ४०० ओळी कुणी वाचत नाही, आणि न वाचली जाणारी यादी असून नसल्यासारखी. चूक आहे ती ‘सहा महिने’ या कसोटीत. मागच्या दिवाळीला आलेली फरकाची तक्रार वैशाखात सहा महिन्यांची होईल, तुम्ही ती क्लोज कराल, आणि येत्या दिवाळीला तोच बग पुन्हा दारात उभा राहील. वर्षातून एकदा येणारी कामं दूध संस्थांकडे बरीच असतात, मार्चअखेर, ऑडिट, लाभांश. नेमकी तीच या नियमात सापडतील. तक्रार किती जुनी हे बंद करण्याचं कारण होऊ शकत नाही. प्रत्येक नोंदीला तिचं स्वतःचं कारण हवं आणि ते ज्यानं तक्रार केली त्याला वाचता यायला हवं.

अशी कारणं फार नसतात. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या प्रकल्पात १९९८ मध्ये बगझिला हे बग नोंदवण्याचं साधन आलं. त्यात बग मिटवताना तो कसा मिटला ते निवडावं लागतं: दुरुस्त झाला, आधीच नोंदलेल्याचीच दुसरी प्रत आहे, आमच्याकडे तसं घडत नाही, हा बगच नाही, किंवा आम्ही हे दुरुस्त करणार नाही. ही शेवटची नोंद करायला धीर लागतो. आपल्याकडे ‘करणार नाही’ म्हणायचा संकोच असतो, म्हणून आपण ‘बघतो’, ‘पुढच्या व्हर्जनला करू’ असं म्हणत राहतो आणि ओळ वर्षानुवर्षं उघडी राहते. सचिवांना नकार मिळाला तर ते त्यांची सोय बघतील, रजिस्टरात लिहून ठेवतील. ‘बघतो’ ऐकलं की मात्र ते वाट बघत बसतात. मला विचाराल तर खोटेपणा तो आहे.

मोठ्या प्रकल्पांचीही यादी शून्यावर येत नाही, हे तुम्ही स्वतःला पुन्हा पुन्हा सांगा. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये एका तक्त्यातला बदल फॉरिन कीमुळे, म्हणजे दोन तक्त्यांना जोडणाऱ्या दुव्यामुळे, आपोआप दुसऱ्या तक्त्यात गेला की तिथला ट्रिगर, म्हणजे बदल झाल्यावर आपोआप चालणारा कोड, चालत नसे. ही तक्रार २००५ मध्ये नोंदवली गेली आणि वर्षानुवर्षं उघडी राहिली. पण ही मर्यादा त्यांच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिली होती, त्यामुळे वापरणाऱ्याला आधीच कळत होतं आणि तो दुसरी वाट काढत होता. तुमच्याही यादीतल्या पुष्कळ गोष्टींना कोडची गरज नसेल. ‘हा रिपोर्ट आधी एक्सेलमध्ये काढा, मग छापा’ एवढी ओळ सगळ्या सचिवांना गेली की पंधरा तक्रारी शांत होतील.

तर ४०० ओळींचं काय करायचं? एकेक दुरुस्त करत सुटू नका. आधी दोन दिवस कोडला हात न लावता नुसत्या वाचा. एकसारख्या तक्रारी एकमेकींना जोडा. काढून टाकू नका, कारण एकच तक्रार अकरा संस्थांनी केलीय ही फार उपयोगाची माहिती असते. जुन्या व्हर्जनवरच्या तक्रारी आत्ताच्या व्हर्जनवर करून बघा, बऱ्याच आपोआप मिटलेल्या सापडतील. ज्यात ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ याच्यापलीकडे काही लिहिलेलं नाही, त्यांना फोन करा किंवा मेसेज टाका, पुढच्या बिलापर्यंतची मुदत द्या, उत्तर नाही आलं तर तसं लिहून बंद करा आणि पुन्हा घडलं तर पुन्हा उघडू असंही लिहा. एवढं केल्यावर जे उरेल तीच तुमची खरी यादी.

आणि यापुढे येणाऱ्या तक्रारीत काय असावं हे एकदा ठरवून टाका. व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा तिरका फोटो आणि खाली ‘अर्जंट’ हे आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं आहे. कुठल्या संस्थेत, कुठल्या तारखेच्या आणि सकाळच्या की संध्याकाळच्या संकलनात, कुठल्या सभासद नंबरला, काय केल्यावर, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं मिळालं की निम्मं काम झालं. सचिवांकडून फॉर्म भरून घेण्याचा हट्ट धरू नका, पहाटे पाचला संकलनाला बसणारा माणूस तो भरणार नाही. त्यांना व्हॉइस मेसेज पाठवू दे, तुमच्या सपोर्टच्या मुलानं तो ऐकून रकाने भरावेत.

या सपोर्टच्या मुलाबद्दल पत्रात काही नाही, पण तो असणारच. गाडीवरून राधानगरी, शाहूवाडी फिरतो, केबल बदलतो, प्रिंटर सुरू करून देतो. यादीतली कुठली तक्रार खरी छळते हे त्याला तुमच्याइतकंच, कदाचित जास्त, माहीत असतं. घाई ठरवताना तो, तुम्ही आणि सर असे तिघं अर्धा तास बसा. दुधाचं बिल दहा दिवसांनी निघतं, १०, २० आणि महिनाअखेर, तर बैठक बिल वाटून झाल्यावर ठेवा, २ तारखेला, १२ ला, २२ ला. त्या अर्ध्या तासात पुढच्या दहा दिवसांत काय होणार तेवढंच ठरवायचं. मधेच चेअरमनचा फोन आला तर सरांनी तो जरूर घ्यावा, फक्त त्यांना सांगा, “सर, हे आत घालू, पण मग यातलं कुठलं बाहेर काढू ते तुम्ही सांगा.” उर्मटपणे नको, यादी समोर ठेवून. लोगोसाठी माप थांबवायचं असा निर्णय समोर लिहिलेला दिसला तर बहुतेक मालक तो घेत नाहीत. आजवर तो घेतला गेला कारण तो निर्णय आहे हेच कुणाला दिसलं नव्हतं.

याच कॅलेंडरचा आणखी एक उपयोग आहे. ९ आणि १० तारखेला कुठलंही नवं व्हर्जन पाठवू नका, कितीही छोटी दुरुस्ती असली तरी. प्रत्येक दुरुस्तीत नवी चूक शिरण्याची शक्यता असते आणि ती बिलाच्या दिवशी उघड व्हायला नको. रात्री दहाला केलेल्या दुरुस्त्यांत ती शक्यता जास्त, हे तुम्हाला अनुभवानं माहीत असेल. तुमच्या वाढत्या यादीतल्या काही ओळी त्या रात्रींनीच घातलेल्या असू शकतात. ‘मागच्या आठवड्यात चालत होतं’ अशी तक्रार असेल तर डोकं खाजवत कोड वाचत बसू नका. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट वापरत असाल तर त्यातली ‘बायसेक्ट’ ही कमांड बदलांची यादी दर वेळी निम्मी करत जाते; हजार बदलांतला बिघडवणारा बदल साधारण दहा तपासण्यांत सापडतो. तेवढ्यानं तुमच्या पुष्कळ रात्री वाचतील.

पुन्हा मापाकडे येते, कारण त्याचं एक अंग राहिलं. कोड दुरुस्त झाला म्हणजे आकडे दुरुस्त झाले असं होत नाही. माप मिलीलिटरमध्ये पूर्णांक म्हणून आणि रक्कम पैशांत साठवायला लागलात की उद्यापासूनचं सुधारेल. मागच्या महिन्यांचं काय? काट्याचा मूळ आकडा कुठे साठवलेला असेल तर कुठल्या सभासदाचं किती कमी लागलं ते काढता येईल, आणि तो फरक पुढच्या बिलात वेगळ्या ओळीत दाखवता येईल. मूळ आकडा नसेल तर निदान कुठल्या मापांना हे होऊ शकतं याची यादी संस्थांना देता येईल. तक्रार ‘दुरुस्त’ म्हणून बंद करायची ती हे झाल्यावरच. संस्थांना कळवायला सरांना जड जाईल, ग्राहक तुटेल अशी भीती वाटेल. पण हे ऑडिटमध्ये बाहेर आलं तर सचिवांना सभासदांपुढे उभं राहावं लागेल, त्यांच्याकडे बोट दाखवलं जाईल, आणि त्यांनी तर पाच महिने आधी लिहून कळवलं होतं. त्या सचिवांना आज मेसेज टाका: तुमची तक्रार आम्ही पुन्हा घेतली आहे, तुम्ही सांगितलेलं बरोबर असण्याची शक्यता आहे, स्लिपांचे फोटो पाठवा, १२ तारखेला काय झालं ते कळवते. आणि १२ ला काहीच सापडलं नसलं तरी कळवा.

हे सगळं फक्त दुधापुरतं नाही. इचलकरंजीत यंत्रमागाचं, शिरोलीत फौंड्रीचं किंवा एखाद्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांचीही पत्रं मला येतात. पैसा, माप आणि डेटा सगळीकडे वर. फक्त कॅलेंडर आपापलं शोधायचं.

राहिली तुमची कुवत आणि पुणं. जी यादी सात माणसांच्या कंपनीची आहे ती तुम्ही एकटीच्या अंगावर घेतलीत, आणि उरलेल्या ओळी मोजून स्वतःला मार्क देताय. उघड्या बगची संख्या म्हणजे किती लोक तुमचं सॉफ्टवेअर वापरतात आणि किती जणांना अजून कळवावंसं वाटतं याचा आकडा. त्यावरून तुमची बुद्धी मोजता येत नाही. पुण्यातल्या कंपनीतही अशीच यादी असेल, कदाचित दहापट मोठी. शिकायला, पगाराला, नव्या कामाला जायचं असेल तर खुशाल जा, ती चांगली कारणं आहेत. यादीपासून पळायला म्हणून जाऊ नका.

सरांना मात्र एकदा समोर बसून ४.३५ चा प्रकार करून दाखवा. काट्यावरचा आकडा आणि स्लिप शेजारी शेजारी ठेवा. त्यांनी खुर्ची ओढून ‘किती संस्थांना लागलंय हे?’ असं विचारलं तर या माणसाबरोबर काम करता येईल, यादीचं बाकीचं हळूहळू जमेल. ‘क्लोज कर आणि कुणाला बोलू नको’ म्हणाले, तर तुमची तपासणी आणि ज्या मापांना हे होतं ती यादी लेखी त्यांना मेल करा, नोंद उघडीच ठेवा, आणि मग नोकरी शोधायला लागा, पुण्यात किंवा इथेच.